चौथी पायरी

३ जून
नोकरीचा पहिला दिवस. विशीतल्या मुलामुलींना लहानपणाबद्दल दहा प्रश्न विचारायचे – घरात मारहाण होती का, कुणाची भीती वाटायची का – आणि आताची झोप, राग, उदासी टिपून घ्यायची. इथली रीत अशी, की दुसऱ्याला विचारण्याआधी फॉर्म स्वतः भरायचा. मी दहाही ठिकाणी ‘नाही’ लिहिलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “शून्य? नशीबवान आहेस गं.”
शून्य मिळवून कौतुक – आयुष्यात पहिल्यांदाच!

४ जून
खोटं का लिहिलं?
बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. मी शिकले, पदवी घेतली, घरातली पहिली. शेजारच्या काकू म्हणतात, “खाण तशी माती म्हणतात, पण तू ते खोटं ठरवलंस.” मग ‘हो’ कशाला लिहायचं? संपलं ते.

९ जून
आज एका मेकॅनिकचा फॉर्म भरला. म्हणाला, “बाप घरात असला की आम्ही वाटीसुद्धा वाजू द्यायचो नाही.”
आमच्याकडे उलट. बाबा जिना चढू लागले की आईचा कान चौथ्या पायरीवर. तिथे चप्पल घासली तर जेवण शांतपणे व्हायचं. आपटली, की आई खिडक्या लावून घ्यायची आणि रेडिओ मोठा करायची. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. बातम्या, हवामान – सगळं मार खाताना ऐकलंय मी.
हे त्याला सांगितलं नाही. पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, शाई संपली.

१४ जून
ताईची मुलगी आली. ताईची बदली झालीय, तिकडे घर मिळेपर्यंत ही आमच्याकडे. सात वर्षांची. आम्ही तिला मुंगी म्हणतो. कणभर जीव, मणभर बडबड. “मावशी, तू ऑफिसात साहेब आहेस का शिपाई?”
ठरवलंय – या घरात हिच्यावर कुणी आवाजही चढवणार नाही. मी आहे ना.

१९ जून
मुंगीने भरलेल्या फॉर्मांवर दूध सांडलं. मी ओरडले. फक्त ओरडले.
आई म्हणाली, “तुझा आवाज अगदी –” आणि भाजी ढवळत राहिली.

२३ जून
काचेचा पेला फुटला. फुटला काय, मी भिंतीवर फेकला. मुंगी खोलीत नव्हती.
बहुतेक नव्हती.

२४ जून
मुंगी दिवसभर गप्प. विचारलं तर म्हणे, “दात दुखतोय.” कुठला, विचारलं. दाखवेना. मी हात पुढे केला तर डोळे मिटून घेतले.

२७ जून
आज बाईंना सांगणारच होते. माझा फॉर्म परत मागायचा, खरं लिहायचं, आणि विचारायचं – आता मी काय करू? त्यांच्या टेबलापर्यंत गेले. “काय गं?”
“स्टेपलर हवा होता,” म्हटलं. घेऊन आले.

३० जून
संध्याकाळी दमून परतले. चौथ्या पायरीवर चप्पल आपटली असावी, माझं लक्ष नव्हतं. वर एक खिडकी लागली. मग दुसरी.
मग रेडिओ. हवामानाचा अंदाज सांगत होते – अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.