मॅटखालचा बोल्ट

३ मार्च, रविवार

"घड्याळ चुकलं असणार." असं म्हणाले! भर सभेत, माझ्या तोंडावर!

आमच्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या क्लबात कप्तान सगळ्यांत जुने. आयुष्यात होडीतही बसले नसतील, पण टोपी तशी घालतात म्हणून कप्तान. क्लबची विक्रमांची पाटी कुजली, नवी रंगवायची आहे. टेकडीच्या शर्यतीच्या रकान्यात सगळ्यांत वर बाबांचं नाव. सत्तेचाळीस वर्षं तिथेच आहे, माझ्याहून एका वर्षाने मोठं. आणि हे म्हणतात, ती वेळ नव्या पाटीवर नको!

"त्या दोन सीटांच्या खेळण्यात एवढा दम कुठला? चाकावर ऐंशी घोडे तरी हवेत. आणि विक्रम केला त्या दिवशी तर तो गाडीतून उतरलासुद्धा नाही. लांबूनच हात हलवला आणि चालता झाला. एवढा माज! पुढच्या वर्षी काय? शेवटून दुसरा."

शेवटचं खरं आहे. त्या एका वर्षानंतर बाबा कधीच जिंकले नाहीत. क्लबात त्यांना 'सावकाश' म्हणायचे. मी लहानपणी टेकडीच्या माथ्यावर उभी राहून वाट बघायची – हिरवी गेली, लाल गेली, निळी गेली, आणि मग हात दाखवत, हसत हसत आमची साय रंगाची.

सतरा तारखेला सगळ्यांच्या गाड्यांची ताकद मोजायची आहेच. ठरलं – आमची गाडी ऐंशी घोड्यांच्या वर गेली तर बाबांचं नाव राहणार. नाही तर नाही.

मी उठून म्हटलं, "घोडामैदान जवळच आहे, कप्तानकाका." सगळे हसले. 

४ मार्च

अजून राग उतरलेला नाही. दुकानात दोन गिऱ्हाइकांना चष्म्याच्या चुकीच्या फ्रेम दाखवल्या.

७ मार्च, गुरुवार

मिस्त्रींकडे जाऊन आले. इंजिन त्यांनी हिवाळाभर खोलून पुन्हा बांधलं आहे. मीही दर रविवारी बाह्या सरसावून उभी होते, नुसती बघायला नाही! व्हॉल्व्ह मी स्वतः घासले. मिस्त्री म्हणाले, "इंजिनाची काळजी सोडा. ते आता तुमच्या वडिलांच्या वेळेपेक्षा तरुण आहे."

अंगावर मूठभर मांस चढलं. या गाडीचा प्रत्येक स्क्रू मला पाठ आहे. आरशाइतकं बॉनेट चमकवते. धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, लग्नाच्या फोटोपेक्षा बॉनेटचे फोटो जास्त आहेत तुझ्याकडे." म्हणू दे. जळतो. अकरा वर्षांपूर्वी, जाण्याआधी बाबांनी किल्ली त्याला दिली नाही, मला दिली. आणि देताना 'हळू चालव' म्हणाले नाहीत, 'जपून' म्हणाले नाहीत, काहीसुद्धा म्हणाले नाहीत. नुसती हातावर ठेवली. बाकी कुणी मला काय काय दिलं असेल, पण एवढा विश्वास कुणी दिला नाही.

११ मार्च, सोमवार

आई दुकानात आली डोळे तपासायला. लायसन्सची मुदत संपतेय म्हणे! सत्तरी झाली, शेवटचं स्टिअरिंग कधी धरलं ते तिलाही आठवत नसेल, पण लायसन्स मात्र वेळच्या वेळी. घरच्या साध्या गाडीतून आम्हाला शाळेत सोडायची तेव्हासुद्धा मुंगीच्या पावलांनी. सायकली पुढे निघून जायच्या, धाकटा लाजेने सीटखाली लपायचा.

तक्त्यावरची सगळ्यांत खालची ओळ तिने धडाधड वाचली. पेन्सिलीएवढ्या अक्षरांवर अडखळणारी चाळिशीतली माणसं रोज बघते मी! म्हटलं, "आई, एवढ्या लांबचं बघून तुला करायचंय काय?" "असावं," म्हणाली.

१६ मार्च, शनिवार

उद्या.

आईला म्हटलं, चल ना बघायला. नाही म्हणाली. बाबांच्या गाडीत ती कधी बसलीच नाही. बाबा फिरायला चल म्हणायचे, तर ही म्हणायची, "त्या सीटवर मला नाही बसवत." भित्री! बाबा बिचारे हसून एकटेच जायचे. विक्रमाची गोष्ट कुणी काढली की त्यांचं एक ठरलेलं – "गाडीची पुण्याई" म्हणायचे आणि उठून आईला चहा करून द्यायचे. बढाई म्हणून कधी मारली नाही. त्यांच्या वाटची आता मी मारणार आहे!

निघता निघता आई म्हणाली, "टाकी अर्धीच भर. उगाच वजन." मला हसू आलं. गाडी जागच्या जागी रोलरवर पळणार, तिथे वजनाचा काय संबंध! तिला काय कळतंय. पण बरं वाटलं. काळजी आहे.

१७ मार्च, रविवार

कुठून सुरू करू!

मोठी शेड. मधोमध जमिनीत दोन लोखंडी रोलर. गाडीची मागची चाकं त्यावर ठेवायची, गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी जखडायची, आणि पेडल तळापर्यंत. गाडी हलत नाही, चाकं मात्र टेकडी चढतात. भिंतीवरच्या पडद्यावर आकडा येतो. बाहेर सतरा-अठरा गाड्यांची रांग. मालक एकमेकांची बॉनेटं उघडून आत डोकी घालून उभे. प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणत होता "वा!", आणि मनात काय म्हणत होता ते मला ठाऊक आहे, कारण मीही तेच म्हणत होते.

कप्तानांची हिरवी आधी. वर्षानुवर्षं ऐकतोय – एकशे वीस घोडे, एकशे वीस घोडे. पडद्यावर अठ्ठ्याऐंशी! त्यांनी टोपी काढली, पुसली, परत घातली. "आज हवा दमट आहे," म्हणाले. मी अजिबात हसले नाही. (आत हसले.)

मग आमची. रोलरवाला चालवायला बसला. तरुण, बोलणं कमी, कानाला मोठे हेडफोन. मी काचेमागे. धाकटा शेजारी. इंजिनाचा आवाज चढत गेला, चढत गेला – आणि एका जागी थांबला.

एकसष्ट.

 कप्तानांनी टोमणा मारला नाही, हेच जास्त लागलं. खांद्यावर हात ठेवला फक्त. "होतं असं, पोरी." माझा हिवाळा पाण्यात! मेले होते मी तिथे. बाबांचं नाव माझ्याच हातांनी पुसलं गेलं, असंच वाटलं.

पण रोलरवाला गाडीतून उतरेना. पेडल दाबतोय, सोडतोय. मग बॉनेट उघडलं आणि धाकट्याला म्हणाला, "आत बसून पूर्ण दाबा." धाकट्याने दाबलं. "पूर्ण!" "पूर्णच आहे की हो!" "नाही. कार्बोरेटरची झडप दोन तृतीयांशच उघडतेय. घोडं इथेच कुठेतरी पेंड खातंय." आणि पायाखालची रबरी मॅट उचलली.

बोल्ट! पेडलच्या बरोबर खाली, गाडीच्या तळातून वर आलेला, नटाने पक्का कसलेला. वर तळाच्याच रंगाचा हात दिलेला, जुना, पोपडे आलेला. पेडल त्याच्या डोक्यावर टेकायचं आणि मला वाटायचं, तळ आला. अकरा वर्षं! गाडी बाहेरून रोज पुसते, मॅट काही कधी पूर्ण उचलली नाही. दिव्याखाली अंधार. आणि म्हणे लोकांना चष्मे विकते!

बोल्ट काढला. परत सुरू. त्या आवाजाचं काय लिहू – मी तो कधी ऐकलाच नव्हता. माझी स्वतःची गाडी, आणि मी तिचा आवाज ऐकला नव्हता!

ब्याण्णव.

सगळ्या शेडने टाळ्या वाजवल्या. धाकट्याने मला उचललं, या वयात! कप्तान समोर आले, टोपी काढून म्हणाले, "घड्याळ बरोबर होतं. मी चुकलो. नाव राहील, आणि सगळ्यांत वरच राहील." माणूस मोठा आहे, मानलं. मी रडले. रडले तर रडले.

मग कप्तानच बोल्ट हातात फिरवत म्हणाले, "पण असा बोल्ट स्वतःच्याच गाडीला कोण लावतं?"

आणि धाकटा दात काढत म्हणाला, "कोण म्हणजे? बाबांनीच. ताईला किल्ली द्यायच्या आधी. ताई, ते तुला ओळखून होते!"

सगळे हसले. मीही हसले.

१८ मार्च, सोमवार

ब्याण्णव. अभिनंदनाचे फोन. पेंटरने पाटी रंगवायला घेतली, बुधवारपर्यंत नावं लिहून होतील म्हणे.

आणि मी दिवसभर बोल्ट गल्ल्यात ठेवून त्याच्याकडे बघतेय. धाकटा थट्टेत बोलला, पण त्यात खोटं काय? म्हणूनच बाबा काही बोलले नसतील. 'हळू चालव' म्हणायची गरजच नव्हती, खाली बोल्ट होता ना! एवढी एकच गोष्ट मी मिरवत आले. विश्वास!

१९ मार्च

पण त्यावरचा रंग अकरा वर्षांचा वाटत नाही. फार जुना आहे.

२० मार्च, बुधवार

संध्याकाळी आई आणि मी चादरींच्या घड्या घालत होतो. मी बोल्ट पलंगावर ठेवला. म्हटलं, हा बाबांनी कधी लावला, तुला आठवतं?

आईने हातात घेतला. "अगं बाई, हा अजून होता?" आणि मग अगदी सहज, "बाबांनी कुठला! मी लावला. तू पोटात होतीस तेव्हा. तिसरा महिना."

पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. माझ्यासाठी नव्हता! बाबांनी माझ्यावर अविश्वास दाखवला नव्हता. आणि दुसऱ्याच क्षणी असं डोकं फिरलं की बोलू नये ते बोलले. म्हणजे बाबा जन्मभर हरत राहिले ते तुझ्या भीतीपायी? त्यांचा पाय तू बांधून ठेवलास? लोक 'सावकाश, सावकाश' म्हणून चिडवत होते, तू ऐकत होतीस, आणि सांगितलं नाहीस? विक्रम करणारा माणूस होता तो, आई!

आई माझ्याकडे बघत राहिली. रागावली नाही. तोंडावर काहीतरी वेगळंच होतं, मला ओळखता आलं नाही.

"चादरीचं दुसरं टोक धर," म्हणाली.

घड्या झाल्या. बोल्ट तिने परत दिला नाही.

२१ मार्च, गुरुवार

सकाळी आई दारात उभी. बंद बूट घातलेले, केस रुमालाने घट्ट बांधलेले. "किल्ली दे."

"त्यांचा पाय नाही बांधला मी. स्वतःचा बांधला. डॉक्टर म्हणाले, आता हळू. पण पाय ऐकेना माझा! आणि तो विक्रम? बायकांना सभासद करून घेत नव्हते तेव्हा. नाव त्यांचं, हेल्मेट त्यांचं, पाय माझा. मी उतरले असते तर उंचीवरून कळलं असतं आणि वेळ रद्द झाली असती. ते वर झुडपात लपून टाळ्या वाजवत होते. मग तू झालीस, धाकटा झाला, राहूनच गेलं. बोल्टाचंही सांगायचं राहिलं. आणि त्यांना कळणार कसं? पेडल तिथवर दाबायची छाती कधी झाली त्यांची!" हसली, आणि डोळे पुसले. "फार चांगला माणूस. पण त्यांच्या शेजारी मला नाही बसवायचं गं. गियर किती उशिरा टाकायचे!"

मी किल्ली तिच्या हातावर ठेवली. काहीच बोलले नाही.

आत्ता टेकडीच्या बाजूने आवाज येतोय. तोच, रविवारचा. तळापर्यंत.

पेंटरला फोन करायचाय. पाटीवरचं नाव बदलायचंय.