ताईच्या उशाशी

आई, माझी झोप हा आपल्या घरात चेष्टेचा विषय होता. 'हिला दगडावर टाका, तिथंही घोरेल,' असं तू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचीस. तू गेलीस त्याला आता इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं, पण हे वाक्य तुझ्या आवाजातच ऐकू येतं. ती झोप आता राहिली नाही. गेले दोन उन्हाळे माझं नाक बंद आहे. आडवी झाले की एक नाकपुडी चोंदते, कूस बदलली की दुसरी, मग तोंडाने श्वास घेऊन घशाला कोरड पडते. शाळेत गणित शिकवते तर आवाज नाकातून येतो आणि मागच्या बाकावर त्याची हुबेहूब नक्कल होते. एकदा परीक्षेच्या वर्गावर मी उभ्या उभ्या पेंगले, तेव्हा एका मुलीने 'मिस, आर यू ओके?' म्हणून मला जागं केलं. इतकी लाज वाटली म्हणून सांगू.

इथं कतारला, दोह्यात सध्या लगीनघाई आहे. फुटबॉलचा वर्ल्ड कप तोंडावर आलाय, त्यामुळे ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता दर आठवड्याला नव्या बाजूने वळवतात आणि जिकडे बघावं तिकडे खोदकाम. डॉक्टर मला म्हणतात धूळ टाळा. नवरा एका स्टेडियमच्या एसीचं काम बघतो. अख्खं मैदान गार करणाऱ्या या माणसाला घरी मात्र एसी नावापुरता लावून झोपावं लागतं, कारण गार वाऱ्याने माझं नाक आणखी चोंदतं. पण तो झोपतो ना! घामाघूम होऊन झोपतो, एक बूट पायात ठेवून झोपतो. 'उद्या इन्स्पेक्शन आहे, यल्ला, चल, तूही पड आता,' म्हणतो आणि वाक्य संपायच्या आत घोरायला लागतो. मी त्याच्याकडे बघते आणि माझा जळफळाट होतो. नवऱ्याच्या झोपेवर जळणारी बाई तू पाहिली नसशील.

शेवटी डॉक्टरांनी स्कॅन दाखवला. आत पॉलिप, म्हणजे मांसाचे कोंब वाढलेत, हाडही वाकडं आहे, दुर्बिणीतून सगळं साफ करावं लागेल. इथून डोळा जवळ, इथून मेंदू, असं पेनाच्या टोकाने दाखवलं आणि वर म्हणाले, 'घाबरू नका, पूर्ण भूल देऊ, गाढ झोपाल.' जिला झोप येत नाही तिला खरं तर याचा मोहच पडायला हवा. मला घाम फुटला. त्या झोपेतून जाग आलीच नाही तर? आणि आली तर उशाशी कोण असेल? नवऱ्याच्या साइटवर सगळ्यांच्या सुट्ट्या बंद होत्या. तेव्हा मला तू हवीशी झालीस. पण आठवलीस ती ताईच्या उशाशी बसलेली, माझ्या नव्हे.

नाशिकचं आपलं स्वयंपाकघर. तू तव्यावर ओवा भाजते आहेस. तो फडक्यात बांधून त्याची पुरचुंडी करतेस, आधी स्वतःच्या गालाला लावून बघतेस आणि मग आतल्या खोलीत ताईच्या नाकाशी, छातीशी धरतेस. ताईचं नाक कायम चोंदलेलं, ताई नाजूक, ताईला थंड सोसत नाही. मी दारात उभी. तू पाणी आणायला उठतेस तेवढ्यात मी आत जाऊन ताईच्या शेजारी पडते आणि ती पुरचुंडी माझ्या नाकाला लावते. काय ऊब होती गं तिला! तू परत येतेस. 'तुला काय धाड भरलीय? ठेव ती खाली आणि जा, भांडी पडलीत. मला एक पुरे आहे.' मला एक पुरे आहे. तू सहज बोलून गेलीस, पण मी ते आजवर पोटात ठेवलं. धडधाकट असण्याची ही शिक्षा मला लहानपणभर होती.

ऑपरेशनचं कळल्यावर ताई म्हणाली, 'जग तिथं मॅच बघायला येतंय, मी तुझं नाक बघायला येते.' आणि आली. तिचं नाक केव्हाच बरं झालंय, शिंकतसुद्धा नाही मेली. विमानतळावर तिला हसताना बघितलं तर तुझाच चेहरा. तोही तिलाच मिळाला.

ऑपरेशनच्या सकाळी पोटात पाणीसुद्धा नको, असं नर्सने बजावलं होतं. मला ते पाठ होतं. पण ताई चहा घेऊन आली. 'चहा म्हणजे काही खाणं नव्हे. आई एकादशीला चहावरच तर दिवस काढायची,' म्हणाली, आणि बशीत ओतून त्यावर फुंकर घालायला लागली. आई, मी नको म्हणायला हवं होतं. पण माझ्यासाठी बशीत चहा ओतून कुणी फुंकर घालतंय, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मी बशी रिकामी केली. हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलं, तेव्हा मी उत्तर द्यायच्या आत ताई अभिमानाने म्हणाली, 'सिस्टर, कुछ भी नहीं खाया, सिर्फ चाय पिया.' खलास. ऑपरेशन पुढं ढकललं.

परतताना टॅक्सीत मी ताईवर तुटून पडले. चहा मी माझ्या हाताने प्यायले होते, तरी सगळा राग तिच्यावर. लहानपणी आई सगळी तूच घेतलीस, आता माझं ऑपरेशनही घालवलंस, असं काहीबाही बोलले.

'आई माझ्या उशाशी जागायची असं वाटतं तुला?' ती म्हणाली. 'अगं, झोपायची ती. भिंतीला पाठ टेकली की डोळा लागलाच. एरवी दिवसभर तिला कोण पडू द्यायचं? मी आजारी असले की बाबासुद्धा हाक मारायचे नाहीत. नंतर नंतर मला काही नसायचं बघ. ती दमलेली दिसली की मी नाक चोंदलं म्हणायचे.'

'आणि आईला कळायचं नाही?'

'न कळायला काय झालं! एकदा पुरचुंडी तापवायलाही विसरली. तशीच गार आणून माझ्या छातीवर ठेवली, दार लोटलं आणि शेजारी आडवी झाली. म्हणाली, खोकत राहा थोडी.'

हे ऐकून माझ्या मनातला हेवा जायला हवा होता. उलट तो वाढला. आजवर मला वाटत होतं की तुम्हा दोघींमध्ये फक्त दुखणं होतं. दाराआड तुमचं गुपित होतं हे मला आता कळतंय. आणि त्या दुपारी भांडी कोण घासत होतं, आई? मी घासत होते. तुला विश्रांती हवी हे मला सांगितलं असतंस तर मीही खोकले असते. तिच्याहून चांगलं खोकले असते.

पुढच्या तारखेला ऑपरेशन नीट पार पडलं. शुद्धीवर आले तेव्हा नाकात बोळे, नाकाखाली रक्ताळलेली पट्टी, आणि दुपारचं ऊन पडद्यातून आत आलेलं. ताई खुर्चीत होती, गाढ झोपलेली, तोंड किंचित उघडं. मला पाणी हवं होतं. नर्स तिला उठवायला निघाली तर मी हातानेच नको म्हटलं. घसा सुकत होता तरी मी तिच्याकडे बघत पडून राहिले, आणि कधी नव्हे ती मलाही झोप लागली.

काल तपासणी झाली. डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून बघितलं आणि म्हणाले, छान भरून आलंय, आता खुशाल शाळेत जा. झोप लागते का, असं विचारलं. लागते म्हटलं, आणि खरंच लागते. दुपारी आम्ही दोघी दार लोटून पडतो. ताईचं परतीचं तिकीट शुक्रवारचं होतं. काल ती तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती, मला बघून उठली. 'काय म्हणाले गं?' मी म्हटलं, अजून सूज आहे, एवढ्यात एकटीने राहू नका म्हणाले. तिने तिथूनच मुलाला फोन करून तिकीट पुढं ढकलायला सांगितलं. तुला लिहिलेले हे कागद तिच्या हाती लागायला नकोत, म्हणून ती अंघोळीहून यायच्या आत फाडून टाकते. माझं नाक अगदी मोकळं आहे, आई.