जावईबापूंचा संप

१ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.
लेकीचा फोन. पहिला प्रश्न नेहमीप्रमाणे माशाचा. फोन टाकीसमोर धरला. पाणी एवढं गढूळ की तिला मासा दिसेचना. मी बोट लावून दाखवला तेव्हा कुठे शेपूट दिसली. पाणी असं का झालंय, म्हणाली. लाइट तसा पडलाय, असं सांगून वेळ मारून नेली.

मासा तिनेच आणलेला, तीन वर्षांपूर्वी, अंगठ्याएवढा. आता माझ्या तळहातात मावत नाही. ती नोकरीला दुसऱ्या शहरात गेली, मासा आमच्याकडे राहिला. बायको त्याला जावईबापू म्हणते. खाणं वेळेवर हवं, लाइट वेळेवर हवा, सगळ्यांनी हातातलं काम टाकून समोर उभं राहायला हवं, आणि तरी तोंड वाकडंच. बोलू दे तिला. मी ऑफिसातून आलो की लगबगीने पुढे येणारा या घरात तो एकटाच आहे.

आज बायकोने निर्वाणीचं सांगितलं. महिनाअखेर पाणी स्वच्छ झालं नाही, तर टाकी माशासकट खालच्या मजल्यावर डेंटिस्टबाईंच्या दवाखान्यात. त्यांना पेशंटच्या खोलीत ठेवायला हवीच आहे. मी लगेच हो म्हणून टाकलं. हरायचा प्रश्नच येत नाही.

२ फेब्रुवारी.
वाचन केलं. उपाय सापडला. टाकीखाली दुसरी टाकी ठेवायची. वरचं घाण पाणी पाइपने खाली उतरतं, स्पंजातून आणि खड्यांतून गाळलं जातं, पंप ते पुन्हा वर चढवतो. याला म्हणतात संप. तयार मिळतो. पण तयार काय, कोणीही आणेल. घरी करणार. शनिवारी, दोन तासांत.

७ फेब्रुवारी, शनिवार.
दोन तास पेटी शोधण्यातच गेले. शेवटी पांघरुणांची प्लास्टिकची पेटी घेतली. बायको बाहेर गेली होती, म्हणून चर्चा टळली. पांघरुणं टाकीशेजारी जमिनीवर रचली आहेत. तात्पुरती.

हार्डवेअरच्या दुकानात पाच फेऱ्या. पाइप पाऊण इंची, जोड एक इंची. दुकानदार म्हणाला, माप घेऊन या. माप माझ्या नजरेत आहे, म्हटलं. तिसऱ्या फेरीला त्याने गल्ल्यावरची स्वतःची मोजपट्टी माझ्या हातात दिली आणि राहू द्या तुमच्याकडेच, म्हणाला. माणसं ओळखतो तो.

संध्याकाळी बायकोने विचारलं, प्लंबरला बोलवू का. मी नुसता हसलो. पाठ धरली आहे.

८ फेब्रुवारी, रविवार.
लेकीला संपाची कल्पना समजावली. पंचवीस मिनिटं. तिने मधे फक्त हं, हं केलं. बारकाईने ऐकत होती.

१० फेब्रुवारी.
मासेवाल्यांच्या ग्रुपवर एक जण आहे, सगळे त्याला मास्तर म्हणतात. त्याने न विचारता दोन सूचना केल्या.

एक, पाणी वर चढवणाऱ्या परतीच्या पाइपला वर, पाण्याच्या पातळीशी, बारीक भोक पाडा. नाहीतर वीज गेली आणि पंप थांबला की त्याच पाइपातून वरचं पाणी उलटं खाली ओढलं जातं. भोकातून हवा शिरली की ओढ तुटते.

दोन, खालची पेटी अर्धी रिकामी ठेवा.

आता, भोक पडलेल्या पाइपला आमच्या घरी फुटका पाइप म्हणतात. आणि अर्धी पेटी रिकामीच ठेवायची तर अर्धीच पेटी घ्यायची होती ना! मास्तरला धन्यवाद लिहिलं. असल्या लोकांचं मन मोडू नये.

१४ फेब्रुवारी, शनिवार.
जोडकाम. तीन सांधे गळतात, म्हणजे चार गळत नाहीत. अंगठ्याला सिलिकॉन लागलं, ते निघत नाही, त्यामुळे फोन मला ओळखत नाही. स्पंज कमी पडले म्हणून भांडी घासायच्या चार घासण्या घातल्या. बायको दिवसभर घासण्या शोधत होती. मीही शोधल्या.

परतीचा पाइप थेट तळापर्यंत नेला आहे. ताजं पाणी मुळापासून पोचलं पाहिजे. हे मास्तरलाही सुचलं नसतं.

१५ फेब्रुवारी, रविवार.
लेकीला पाइप दाखवले. छान, म्हणाली. ती तिच्या ऑफिसचं काहीतरी सांगायला लागली होती, पण पंपाचा भाग राहिला होता. नंतर तिला कुणीतरी हाक मारली.

१८ फेब्रुवारी.
तासभर चाचणी. पाणी आणखी गढूळ झालं. मास्तर म्हणतो, घाण खाणारे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याचे लागत असतील. माझ्याकडे दहा दिवस आहेत.

कंटाळा आलाय खरं तर. गुडघे बोलायला लागलेत. पण जावईबापू काचेला नाक लावून सगळं बघत असतात. एवढ्या लक्षपूर्वक माझं काम ऑफिसात कुणी बघितलेलं नाही. त्यांना असं खाली धाडणं मला जमणार नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. दुपार.
सोमवारची रजा टाकली. ग्रुपवर जाहीर केलं: सोमवारपासून संप सुरू. तीन आठवड्यांची तयारी पूर्ण. आता माघार नाही. मी रजा टाकली आहे. ज्यांना यायचं त्यांनी यावं.

प्रतिसाद उदंड. पाच मिनिटांत एकोणीस अंगठे. आमच्या गोदामातल्या मुकादमाने तर वळलेली मूठ पाठवली. त्यालाही माशांचा नाद आहे हे इतकी वर्षं शेजारी काम करून कळलं नव्हतं. माणसं छंदातून जवळ येतात हे खरं.

२३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी १०.
संप सुरू. पेटी काठोकाठ. आवाज थोडा आहे, मिक्सरएवढा. मी थकलोय, पण समाधान आहे.

तोच दिवस. सकाळी १०.४०.
मालकांचा फोन. तो ग्रुप मासेवाल्यांचा नव्हता. गोदामाचा होता.

तोच दिवस. संध्याकाळ.
लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

गोदामाच्या फाटकाबाहेर अकरा हमाल हाताची घडी घालून उभे. तीन गाड्या भरायच्या खोळंबलेल्या. मी पोचताच टाळ्या. मालकांनी आत बोलावून मागण्या विचारल्या. मी म्हटलं, मागण्या नाहीत, संप माझ्या टाकीखाली आहे. मालकांनी ग्लास पुढे केला. पाणी प्या, म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, कागदावर पंप काढून दाखवला. त्यांनी तोच कागद उलटा केला आणि त्यावर मी संप मागे घेत आहे असं माझ्याकडून लिहून घेतलं, सहीसकट. तांत्रिकदृष्ट्या चूक होतं, पण मी वाद घातला नाही.

बाहेर मुकादमाला समजावलं. तो म्हणाला, साहेब, माघार नाही म्हणाला होतात. ओरडला असता तर परवडलं असतं. अकराही जण गुपचूप आत जाऊन खोके उचलायला लागले. मान वर करून बघवेना. शरम वाटली.

या सगळ्यात पाच वाजले. आणि दीड वाजता घरी वीज गेली होती.

पंप थांबला. परतीच्या पाइपने पाणी उलटं ओढलं. पाइप तळापर्यंत, त्यामुळे पाणीही तळापर्यंत. पेटी आधीच काठोकाठ, म्हणून सगळं जमिनीवर. बरंचसं पांघरुणांनी शोषून घेतलं, हे नोंदवून ठेवतो. उरलेलं खाली गेलं. थोडंच. पण डेंटिस्टबाईंच्या खुर्चीत पेशंट आ करून बसला होता.

बाई बादली घेऊनच वर आल्या. मी घरी आलो तेव्हा मासा त्या बादलीत होता आणि बायको शेजारी पाटावर. तिला तो तळाशी आडवा पडलेला सापडला होता, कल्ले हलत होते. तिने त्याला दोन्ही हातांनी उचलला. मेला असता हो, एवढंच म्हणाली. मी कपडे न बदलता फडकं घेतलं.

२४ फेब्रुवारी.
महिना संपायला चार दिवस आहेत, हे बायकोच्या निदर्शनास आणलं. ती ओलं पांघरूण पिळत होती. दुसरं टोक धरा, म्हणाली. धरलं.

२५ फेब्रुवारी.
टाकी खाली गेली. मी पायऱ्यांवर हळू, हळू असं सांगत होतो. डेंटिस्टबाईंनी विचारलं, तुमचं ते खालचं यंत्र पण द्यायचंय का. बायको माझ्या आधी नाही म्हणाली.

घरात शांतता आहे. फार.

२८ फेब्रुवारी, शनिवार.
दाढ दुखते असं सांगून खाली जाऊन बसलो. पाणी लख्ख. टाकीच्या काठाला तयार फिल्टर लटकवलाय, टिफिनच्या डब्याएवढा. मी आत शिरताच मासा पुढे आला. मला भरून आलं. मग गाल सुजलेले एक गृहस्थ आले, त्यांच्याकडेही तसाच पुढे आला. मग कुरिअरवाल्याकडेही.

बाईंनी दाढ तपासली. काही झालेलं नाही, म्हणाल्या. कीड आहे, पण ती दुसऱ्या बाजूला.

१ मार्च, रविवार. संध्याकाळ.
लेकीला आज सांगायचं ठरवलं होतं. हळूहळू, धक्का बसणार नाही असं. ती रडली तर काय बोलायचं हेही दुपारी पाठ केलं होतं. सांगितलं.

बरं झालं, म्हणाली.

मला वाटलं, नीट ऐकू गेलं नसेल. पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, बाबा, मला त्या माशाचं एवढं काही नव्हतं. दर रविवारी विचारायचे, कारण तुम्ही दुसऱ्या कशावर बोलतच नाही. एकदा मासा विचारला की तुम्ही अर्धा तास छान बोलता. मला तुमचा आवाज ऐकायचा असतो.

मी म्हटलं, बरं, काम कसं चाललंय. चांगलं चाललंय, म्हणाली, आणि थांबली. आता पुढचा प्रश्न मी विचारायचा होता. टाकीतल्या पाण्यातला अमोनिया मी दशांशापर्यंत सांगू शकतो. पण ती तिथे नेमकं काय काम करते हे मला माहीत नाही. दोन वर्षं झाली. आता कोणत्या तोंडाने विचारणार? आई बोलावतेय असं सांगून फोन बायकोकडे दिला.

दोघी पाऊण तास बोलल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकत होतो. मधे खूप हसल्या, कशावर ते कळलं नाही.

पुढच्या रविवारी सरळ विचारायचं. त्याआधी बायकोकडून थोडी माहिती काढून ठेवावी. निदान कंपनीचं नाव.