काट्यावरचं मशीन काऊन पडते

१२ नोव्हेंबर २००९
पुन्हा बंद! आज दोनदा. धानाचा ट्रक वजनकाट्यावर उभा, आणि इकडे कॉम्प्युटरचा पडदा काळा, त्यावर इंग्रजी ओळीच ओळी. कीबोर्डचे दिवे लुकलुकत राहिले. मिलचे मालक धावत आले — "देवीदासजी, फिर बिगाड़ दिया?" मी काही केलं नाही. की केलं? चुकून काही दाबलं असेल. या वयात दुसरीकडे कोण ठेवेल?

१३ नोव्हेंबर
एकदा.

१५ नोव्हेंबर
घास उतरत नाही. बायको, कलाबाई, म्हणते, "मशीन बिघडली त तुमी काऊन वाळून राहिले?" शेवटी पुतणीला, समीक्षाला, फोन केला. नागपूरला ती कॉम्प्युटरचंच काम करते. पुढच्या रविवारी येते म्हणाली.

२२ नोव्हेंबर
समीक्षा आली. "मोठे बाबा, रोज करता तसंच करा." केलं. ट्रक हलला, आकडा नाचला, मी नेहमीसारखी वजनाची खिडकी बंद केली — मशीन पडलं! मला घाम, आणि ही हसते! "सापडलं!"

मग तिनं समजावलं. काट्यावरून वजन आणणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. खिडकीनं मेमरीत दिलेल्या जागी तो परस्पर आकडा लिहितो. खिडकी बंद झाली की ती जागा तिची राहत नाही. तरी हा न विचारता लिहायला जातोच. मग मशीनचा गाभाच कोसळतो — कर्नेल म्हणतात त्याला.
"तुमची चूक नाही. खिडकी कधीपण बंद करा. ड्रायव्हरनं सांभाळायचं."
तिनं ड्रायव्हर दुरुस्त केला. आता तो आकडा स्वतःजवळ ठेवेल. मागितला की कर्नेलमार्फत, जागा तपासून देईल. जागा नसली तर नुसतं 'नाही' म्हणेल. मशीन मरणार नाही.
पन्नासदा खिडकी बंद केली. एकदाही पडलं नाही! पोटभर जेवलो.

२३ नोव्हेंबर
जाताना समीक्षा म्हणाली, "मशीनमध्ये जुनी नोंद आहे. गेल्या वर्षी पण ड्रायव्हरच्या याच ओळीवर पडत होतं. तेव्हा कोण बसायचं?"
गोवर्धन, म्हणालो. मशीन बिघडवतो म्हणून त्याला काढलं आणि मला बसवलं, हे नाही सांगितलं.

२६ नोव्हेंबर
गोवर्धन चौकात भेटला. "काय देवीदास, तुह्या हातून त नाही पडत ना काटा?" हसला.
"नाही," म्हणालो. खरंच होतं. घरापर्यंत मान वर झाली नाही.

२८ नोव्हेंबर
मालकांना सगळं सांगितलं, गोवर्धनची चूक नव्हती हेही. ते म्हणाले, "कुर्सी तो एक ही है, देवीदासजी."
माहीत होतं. गोवर्धन सोमवारपासून येतो, माझ्या जागी.