प्रतिवादी क्रमांक दोन

४ ऑगस्ट
आज सरकारला नोटीस धाडली! मी — रेशनच्या रांगेतसुद्धा कधी कुणाशी भांडले नाही. वडिलांनी केव्हाच फेडलेल्या सरकारी कर्जाचा बोजा घराच्या उताऱ्यावर अजून तसाच. तो उतरल्याशिवाय घर विकता येत नाही, घर विकल्याशिवाय पुण्याच्या वृद्धाश्रमात जागा नाही. एकटीनं चहा करायचा, एकटीनंच प्यायचा. जीव उबगला.

वकील म्हणाले, "आता दोन महिने थांबायचं. सरकारवर एकदम दावा लावता येत नाही."

१३ ऑक्टोबर
दावा तयार. प्रतिवादी एक — महाराष्ट्र शासन, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. प्रतिवादी दोन — मल्लव्वा. माझी धाकटी बहीण! उताऱ्यावर दोघींची नावं. हिश्श्यावरून तिच्या नवऱ्यानं, शिवलिंगप्पानं, संबंध तोडले. तेव्हापासून तिच्या सासरहून, वळसंगहून, साधा फोन नाही.

वकील म्हणाले, "त्या सोबत सही करत नसतील, तर त्यांना प्रतिवादी करायचं. रीतच आहे."

सख्ख्या बहिणीवर केस! आई असती तर थोबाडीत दिली असती. सही केली. घरी येऊन पोटभर रडले.

२० नोव्हेंबर
बेलिफ वळसंगला समन्स देऊन आला. शिवलिंगप्पानं दारातच आरडाओरडा केला म्हणे. मल्लव्वा काय म्हणाली, ते विचारायचं धाडस झालं नाही.

९ डिसेंबर
पहिली तारीख. सरकारतर्फे कुणी नाही. मल्लव्वा आली! केस पांढरेशुभ्र. मी मान खाली घातली — आता शिव्या देणार! तर बाकावर जवळ सरकली आणि माहेरच्या कन्नडमध्ये हळूच, "ऊटा आतेनु, अक्का?" जेवलीस का म्हणे! मेली, मी हिच्यावर दावा लावलाय आणि ही पिशवीतून कडक भाकरी नि शेंगाचटणी काढतेय.

"नवऱ्यानं येऊ दिलं कसं गं?"

"कोर्टाचं बोलावणं हाय. न्हाय म्हनायची छाती हाय का त्येची?"

लई हसलो. शिपायानं दटावलं.

२२ जानेवारी
तारीख. सरकारी वकिलांनी मुदत मागितली. देव त्यांचं भलं करो! मल्लव्वाला गड्ड्याच्या जत्रेत नेलं, हिरव्या बांगड्या भरल्या. ती घरी सांगणार, कोर्टात उशीर झाला.

१८ फेब्रुवारी
सरकारचं म्हणणं आलं — कर्ज फिटलंय, बोजा उतरवायला हरकत नाही. वकील खुशीत, "पुढच्या तारखेला निकाल! पेढे आणा."

मल्लव्वा एसटीत चढताना म्हणाली, "आता मला कोन बोलावनार, अक्का?"

घरी आले. वृद्धाश्रमाचा फोन वाजत होता. उचलला नाही.

२० फेब्रुवारी
वकिलांना म्हटलं, महापालिकेलाही प्रतिवादी करा.

"अहो बाई, त्यांचा बोजाच नाही!"

म्हटलं, नसेना का. तारीख तर पडेल!