सतरा नंबरची लाइन

सोमवार, ४
नेमणूक पक्की झाली. कार्यालयातल्या बाईंनी सही-शिक्क्याचा कागद हातात ठेवला, तेव्हा कुठे जिवात जीव आला. कारखान्याच्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्यात. आई खूश. खिडकीतून यंत्रखोलीचं दार दिसतं, म्हणजे डबा विसरलास तर इथूनच हाक मारीन, म्हणाली. अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असा तिचा आवाज आहे.

काम माझ्या हातचं आहे. यंत्रखोलीतून अठ्ठेचाळीस लाइनी निघतात. काचेची केसाएवढी तार, तिच्यातून धावणारा उजेड आणि टोकाला कनेक्टर. आधीचा माणूस सहा महिन्यांपूर्वी तडकाफडकी सोडून गेला. तेव्हापासून निम्म्या लाइनी रडतखडत चालतात. साहेबांनी दहा दिवस दिलेत. पुष्कळ झाले.

मंगळवार, ५
डोकं फिरलं. त्या माणसाने सगळीकडे हिरवे कनेक्टर लावून ठेवलेत. हिरव्याचं तोंड जरा तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. तो गेल्यावर कुण्या शहाण्याने हिरव्यांसमोर निळे खुपसलेत. तिरकं तोंड सरळ तोंडाला नीट टेकत नाही. फट राहते, उजेड वाया जातो. धुळीची टोपी तर एकावरही नाही. भिंगाखाली पाहिलं, तर तोंडावर ओरखडेच ओरखडे, जसं कुणी काथ्याने घासलंय.

स्टोअरकीपर म्हणाला की त्या माणसाला सगळे ‘हिरवट’ म्हणायचे. स्वतःच पोट धरून हसला. मला हसू आलं नाही.

बुधवार, ६
सगळे हिरवे लावा नाहीतर सगळे निळे, भेसळ तेवढी नको. स्टोअरमध्ये निळे दोन खोकी भरून आहेत आणि हिरवे मोजून दोन नग. लाइनींच्या नकाशातही निळेच लिहिलेत. तरी साहेबांना विचारलं. नकाशात निळे म्हणजे निळे, यात विचारायचं काय, असं वर ऐकून घेतलं. ठीक. निळे.

घरी आईचं वेगळंच. जगाला जोडत फिरतोस आणि आईला तिच्या बहिणीचं तोंड दिसत नाही, हे आज तिसऱ्यांदा.

शुक्रवार, ८
एकतीस लाइनी झाल्या. सतरा नंबरची वसाहतीकडे जाते. तिच्यावरून आईला जोडणी दिली, मावशीशी बोलायला संच बसवला, तारेच्या दोन्ही टोकांना निळा. आई मावशीशी दोन तास बोलली आणि नंतर मला म्हणाली, वाळलास.

एकच खटकलं. मीटर तारेत उजेड सोडतं आणि परत आलेल्या उजेडावरून किती अंतरावर काय आहे ते सांगतं. सतराची तार सहाशे दहा मीटरवर, आमच्या खोलीत संपते. मीटर मात्र दोन हजार एकशे चाळीसवरही काहीतरी दाखवतं. तार संपल्यानंतर दीड किलोमीटरवर! मीटर जुनाट आहे.

शनिवार, ९
दोन्ही टोकं तीनदा पुसली. दुसरं मीटर मागून आणलं. त्यावर चौदाशे ऐंशी. म्हणजे दोन्ही मीटर बिघडलेली? अर्धा दिवस यातच गेला, बाकीच्या लाइनी तशाच.

आईची कुरकुर वेगळी. बोललं की क्षणभराने तिचाच आवाज परत येतो.

सोमवार, ११
आता बरोबर सहाशे दहा. काल नऊशेवर होतं. आमच्या खोलीच्या टोकाशी येऊन थांबल्यासारखं.

आई म्हणते, आज तिचा आवाज मागून येत नाही, तिच्याबरोबरच येतो.

मंगळवार, १२
चारशे. म्हणजे खोली ओलांडून तारेत शिरलंय. यंत्रखोलीकडे येतंय. साहेबांना दाखवलं, तर मीटरशी भांडत बसू नका म्हणाले. आणि सतरा लाइनी अजून बाकी का?

आई चिडलीये. तिने बोलायच्या आधीच तिचा आवाज येतो. गुडघ्यांचं विचारायचं नुसतं मनात होतं, तोवर मावशी गुडघ्यांबद्दल सांगायला लागली. मावशीला वाटतं, ही थट्टा करते.

बुधवार, १३
एकशे नव्वद. सतराची दोन्ही टोकं खाचेतून उपटून मोकळी ठेवली. तासाभराने एकशे साठ. खूण उलट जास्त ठळक.

स्टोअरकीपरला सहज सांगितलं. तो हसला नाही. हिरवट जाताना सांगून गेला होता म्हणे, की सरळ तोंड उजेड मागे फिरवतं, मोकळं सोडलं तर जास्तच. तिरकं त्याला बाजूला सांडून देतं. सतरावर काही मागे फिरू द्यायचं नाही. उजेडाच्या मागोमाग ते येतं. म्हणून एका लाइनीसाठी त्याने सगळ्याच हिरव्या केल्या, म्हणजे कुणी चुकून बदलणार नाही.

मग मला आधी का नाही सांगितलं?

तुम्ही विचारलंत कुठे, म्हणाला.

दोन्ही हिरवे नग घेतले.

गुरुवार, १४. सकाळ
चाळीस. हिरवा बसवायच्या घाईत तार दोनदा वेडीवाकडी तुटली.

आईचा फोन. तिचा संच काल मीच बंद केला, वायर काढून ठेवली. तरी आत्ता त्यातून तिचा आवाज आला म्हणे. एकच वाक्य, दारात कुणी आल्यावर बोलते तसं. आलास का रे, आणि हे तुझ्यामागे कोण?

तिने विचारलं, कुणाला घेऊन येणार आहेस का जेवायला.

नाही म्हणालो.

दुपार
बारा. सात. तीन.
बसला. हिरवा बसला. मीटर साफ. सहाशे दहा मीटर, काही नाही. कुठेच काही—

तारेत नाही. मग—

मीटरच्या काचेत माझा चेहरा. खांद्याच्या वर अजून—
मागे वळलो. कुणी नाही.

नंतर
दुसरा हिरवा खिशात. तो घरच्या टोकाला लावायचाच आहे. मोकळं निळं तोंड तिथे, आईच्या उशाशी. नाही गेलो तर ते—
गेलो तर मी—

आमच्या जिन्यात बसलोय. पायरी सतरावी, उगाच मोजली. भर दुपार, जिना रिकामा. मी थांबलो की मागे आणखी एक पाऊल थांबतं. आधी उशिरा होतं. आता बरोबरच.

आईने चाहूल ओळखली. कडी वाजतेय. नको म्हणून ओरडायचंय, पण माझाच आवाज वरून, दारापाशी, आधीच—

दार उघडलं. ती हसतेय. म्हणेल, आलास का रे. म्हणाली. आता पुढचं म्हणेल, आणि हे