अकराव्या दिवशीचं सोयाबीन

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी ११.२०
वेळ मुद्दाम लिहितेय. याच वेळी नांदेडच्या प्रयोगशाळेतले सुजाताचे चारही ट्रे विभागप्रमुखांनी खतखड्ड्यात टाकायला लावले. प्रयोग चौदा दिवसांचा, आज अकरावा. तिची वही त्यांच्या कपाटात, कुलूपबंद. मी, याच विभागातून निवृत्त झालेली, दारातच होते. शिपाई गणपत म्हणे, "मॅडम, मी काय करू? सायेब सोता उभं राहून टाकायला लावून राहिलेत."
कारण उघड आहे. त्यांच्या गाजलेल्या शोधनिबंधातलं सोयाबीन सुजाताकडे तसं उगवत नाही. आणि तेच तिचे पीएच.डी.चे गाइड.

४ फेब्रु.
सुजाता आली. देवणीची पोर, बोलते कमी. साहेबांना शुक्रवारी, १४ला, माफीपत्र हवंय: 'मोजणीत माझी चूक झाली.' नाही दिलं तर पीएच.डी. बंद.
"बाबा म्हणतेत, सही करायला काय जातंय?"
चहा दिला. दुसरं काय देणार.

६ फेब्रु.
आमचा शनिवारचा गट. नियम एकच: दुसऱ्याचा प्रयोग फक्त त्याच्या वहीवरून करून बघायचा, वहीवाल्याने गप्प बसायचं. नऊ जण होतो. ट्रेंची बातमी फुटल्यावर चौघं गळाले. अहमदपूरच्या बालाजीने निदान फोन केला. "मॅडम, औंदा मला पर्मनंट व्हायचंय. तुम्ही रिटायर, तुमचं काय जातंय?"
भित्रा मेला. पण खोटं नाही बोलला.

८ फेब्रु., शनि. लातूर
गटातल्या अन्वरच्या कॉलेजातले ट्रे शाबूत. सुजाताच्या वहीच्या आधीच काढलेल्या फोटोंवरून त्याने स्वतः लावलेले. आज चौदावा दिवस. निबंधात जवळजवळ सगळं बी उगवतं, इथे निम्मंही नाही. सुजाता नियमाप्रमाणे गप्प. मोजून झाल्यावर मात्र रडायला लागली.
अन्वर: "अगं, रोती कायको? बरोबर निघालीस ना!"

९ फेब्रु.
जुनी फाइल काढली. तो निबंध छापायला जाण्याआधी विभागातर्फे तपासला होता मीच. 'निष्कर्ष पटण्यासारखे.' माझंच वळणदार अक्षर. एकही दाणा भिजवून पाहिला नव्हता.
रात्रीच साहेबांना पत्र लिहायला बसले.

१० फेब्रु., सोम.
सुजाता गावी गेलीय. फोन बंद. सही करून आली तर?
साहेबांना पत्र स्वतः नेऊन दिलं, पोच घेतली. त्याचा शेवटचा भाग इथे उतरवून ठेवते:
'...मूळ निबंध न पडताळता मी मान्यता दिली, हा माझा दोष. तो मी लेखी कबूल करते. आपण ट्रे कोणत्या अधिकारात फेकले ते लेखी कळवावे. सुजाताची वही एकही पान न काढता परत करावी. माफीपत्राची मागणी मागे घ्यावी. उत्तर शुक्रवार, १४ फेब्रुवारी, सायंकाळी पाचच्या आत. तोंडी निरोप चालणार नाही.'